वकीलपत्र आणि भूमिका

चित्रपट वा दूरचित्रवाणी-मालिका पाहणाऱ्याच्या स्मरणात नायकाचे नाव राहते, नायिकेचा चेहरा राहतो, क्वचित खलनायकाचे एखादे वाक्यही राहते. परंतु ज्याच्या टेबलासमोर ही सारी मंडळी येऊन उभी राहतात, ज्याच्या हुकुमावाचून युद्धनौका हलत नाही, विमानतळाची धावपट्टी मोकळी होत नाही आणि खुनाचा खटला न्यायासनापुढे जात नाही, त्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे काम करणारा नट कोण, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. चरित्र अभिनेत्याचे भाग्य हे असे अर्धवट असते : चेहरा सर्वांच्या ओळखीचा आणि नाव कोणालाच ठाऊक नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याचे वकील, पुढे त्याच राज्याचे सेनेटर आणि 'लॉ अँड ऑर्डर' या मालिकेतील आर्थर ब्रँच हे मुख्य सरकारी वकील म्हणून घरोघरी पोहोचलेले फ्रेड थॉम्पसन हे या जातीच्या नटांतील एक ठळक व्यक्तिमत्त्व होते. आपल्याकडील असंख्य कुटुंबांनीही त्यांना पाहिलेले आहे. १९९४ साली निघालेला 'बेबीज डे आउट' हा चित्रपट स्वदेशात आपटला, पण भारतात मात्र तो विलक्षण लोकप्रिय झाला, आणि पुढे केबलवर तर मुलांच्या सुट्टीचा तो नित्याचा सोबती होऊन बसला. त्यात हरवलेल्या तान्हुल्याचा शोध घेणारा, धिप्पाड देहाचा आणि खर्जातल्या आवाजाचा एफ.बी.आय. अधिकारी ज्यांना आठवत असेल, त्यांना थॉम्पसन आठवत आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

१ नोव्हेंबर २०१५ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, नॅशव्हिल येथे त्यांचे निधन झाले तेव्हा जे मृत्युलेख प्रसिद्ध झाले त्यांतून एक चित्र वारंवार रेखाटले गेले : एक वकील योगायोगाने नट झाला, नटाच्या कीर्तीवर राजकारणी झाला, आणि राजकारण सुटताच पुन्हा नट झाला. हे चित्र असत्य नाही, पण ते अपुरे आहे. थॉम्पसन यांच्या आयुष्याची कागदपत्रे, साक्षी आणि भूमिका एकत्र ठेवून पाहिल्या असता माझ्या मनाची अशी खात्री झाली आहे, की त्यांनी एक व्यवसाय सोडून दुसरा कधी धरलाच नाही. दुसऱ्याच्या वतीने बोलावयाचे, परंतु बोलताना स्वतःचा तोल ढळू द्यावयाचा नाही. प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर येईपर्यंत स्तब्ध राहावयाचे. हे जे शिक्षण न्यायालयाने त्यांना दिले, त्याच शिदोरीवर त्यांनी तीस वर्षे अभिनय केला.

त्यांचा जन्म १९ ऑगस्ट १९४२ रोजी अलाबामा राज्यातील शेफील्ड येथे झाला, आणि बालपण सरहद्दीपलीकडे टेनेसीमधील लॉरेन्सबर्ग या लहानशा गावी गेले. वडील जुन्या मोटारगाड्यांची खरेदी-विक्री करीत. घराण्यात पांढरपेशा व्यवसायाची परंपरा नव्हती. मुलगा अंगापिंडाने दांडगा, खेळात पुढे आणि अभ्यासात मागे, असाच शाळेत त्याचा लौकिक होता. सतराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि लगोलग संसाराचा भार अंगावर पडला. हा अकाली विवाह म्हणजे पोराचे आयुष्य वाया गेल्याची खूण असे गावातल्या शहाण्यासुरत्या लोकांना त्या वेळी वाटले असल्यास नवल नाही. पण घडले ते उलटेच. पत्नीचे माहेर वकिलांचे होते, आणि त्या घरातील बैठकीत, सासरच्या माणसांच्या बोलण्याचालण्यात, कायद्याचा व्यवसाय म्हणजे काय आणि त्याची प्रतिष्ठा कशात आहे, हे या तरुणाने प्रथम पाहिले. टपालकचेरीत आणि सायकलींच्या कारखान्यात काम करीत, मुलाबाळांचे पाहत, त्याने १९६४ साली मेम्फिस स्टेट विद्यापीठातून तत्त्वज्ञान व राज्यशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळविली आणि १९६७ साली नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून कायद्याची परीक्षा दिली. १९६९ ते १९७२ या काळात नॅशव्हिल येथे केंद्र सरकारचे साहाय्यक वकील म्हणून त्यांनी फौजदारी खटले चालविले. त्यांत बँकांवरील दरोडे होते, तसेच डोंगराळ भागातील चोरट्या दारूभट्ट्यांची प्रकरणेही होती. ज्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील शेतकरी, शिपाई आणि दरोडेखोर ऐकले आहेत, त्याला पुढे संवाद पाठ करताना माणूस खरे कसे बोलतो आणि खोटे कसे बोलतो हे निराळे शिकवावे लागत नाही.

१९७२ साली टेनेसीचे सेनेटर हॉवर्ड बेकर यांच्या फेरनिवडणुकीत थॉम्पसन यांनी काम केले, आणि १९७३ साली अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकीर्दीतील वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीसाठी सेनेटने समिती नेमली तेव्हा तिचे उपाध्यक्ष झालेल्या बेकर यांनी त्यांना अल्पमतातील रिपब्लिकन पक्षाच्या बाजूचे मुख्य वकील म्हणून वॉशिंग्टनला बोलावून घेतले. वय अवघे तीस. समितीचे अध्यक्ष सॅम अर्विन हे मुरलेले घटनापंडित, बहुमताच्या बाजूचे वकील सॅम्युएल डॅश हे कायद्याचे प्राध्यापक. आणि त्यांच्या पंक्तीला लॉरेन्सबर्गचा हा उंचापुरा, जाड कल्ल्यांचा तरुण. १७ मे १९७३ रोजी या समितीपुढील जाहीर साक्षींस आरंभ झाला. तीन मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी पाळीपाळीने त्या दिवसा दाखविल्या आणि सार्वजनिक वाहिनीने रात्री पुन्हा समग्र दाखविल्या. कामावरून परतलेले लोक जेवणखाण आटोपून रात्री उशिरापर्यंत साक्षी ऐकत बसत. राष्ट्राचा सर्वोच्च अधिकारी कायद्यापुढे उत्तरदायी आहे की नाही, या प्रश्नाची सुनावणी प्रजेने आपल्या घरात बसून पाहावी, असा प्रसंग लोकशाहीच्या इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

शुक्रवार, १३ जुलै रोजी समितीच्या कर्मचाऱ्यांनी अलेक्झांडर बटरफील्ड या माजी अधिकाऱ्याची बंद दाराआड जबानी घेतली. बटरफील्ड हे निक्सन यांच्या कार्यालयात दैनंदिन व्यवस्था पाहत असत. अल्पमताच्या बाजूचे उपवकील डॉनल्ड सँडर्स यांनी त्यांना विचारले, की अध्यक्षांशी झालेली बोलणी ध्वनिमुद्रित होत असावीत असा जो संशय निक्सन यांचे माजी विधी सल्लागार जॉन डीन यांनी आपल्या साक्षीत व्यक्त केला आहे, त्याला काही आधार आहे काय; आणि बटरफील्ड यांनी सांगितले, की अध्यक्षांच्या दालनांत तशी यंत्रणा बसविलेली आहे. त्या क्षणापर्यंत सारे प्रकरण डीन यांच्या शब्दाविरुद्ध अध्यक्षांचा शब्द असे अधांतरी लोंबकळत होते. आता त्याला मुद्देमाल मिळण्याची शक्यता निर्माण झाली. ही गोष्ट अल्पमताच्या वकिलाने बाहेर काढली असल्यामुळे ती जाहीररीत्या विचारण्याचा मान थॉम्पसन यांच्याकडे आला. सोमवार, १६ जुलै १९७३. अध्यक्षांच्या दालनात संभाषणे टिपून घेणारी काही उपकरणे बसविल्याचे आपणास ठाऊक आहे काय, एवढाच अर्थ असलेला प्रश्न त्यांनी शांत, किंचित लांबविलेल्या दाक्षिणात्य ढबीत विचारला, आणि आपणास ठाऊक होते, असे उत्तर आले.

हे चित्रण आजही पाहावयास मिळते, आणि पाहणाऱ्याने त्यात एक गोष्ट लक्षपूर्वक न्याहाळावी अशी माझी विनंती आहे. प्रश्नकर्त्याला उत्तर आधीपासून ठाऊक आहे. साक्षीदाराला प्रश्न येणार हे ठाऊक आहे. तरीही थॉम्पसन आवाज चढवीत नाहीत, भुवई उंचावीत नाहीत, प्रेक्षकांकडे पाहत नाहीत. ज्ञात उत्तराचा प्रश्न अज्ञात असल्यासारखा विचारणे, म्हणजे उत्तराला त्याचे स्वतःचे वजन पेलू देणे, ही उत्तम वकिलाची कला आहे. आणि शंभराव्या प्रयोगात पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकणे, ही उत्तम नटाची. पुढील वर्षी, २४ जुलै १९७४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्या ध्वनिफिती हवाली करण्याचा एकमुखी निर्णय दिला, आणि ९ ऑगस्टला निक्सन पदावरून गेले. निक्सन यांच्या ध्वनिफितींत थॉम्पसन यांच्या बुद्धीविषयी त्यांनी काढलेले अत्यंत अनुदार उद्गारही निघाले.

या प्रकरणाची दुसरी बाजू झाकून ठेवणे म्हणजे स्मृतीशी अप्रामाणिकपणा होईल. १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात थॉम्पसन यांनी स्वतःच नमूद केले आहे, की समितीला ध्वनिमुद्रणाची वार्ता लागल्याचे त्यांनी जाहीर साक्षीपूर्वी अध्यक्षांचे वकील फ्रेड बझार्ट यांना दूरध्वनीवरून कळविले. चौकशी करणाऱ्या मंडळाच्या वकिलाने, ज्याची चौकशी चालू आहे त्याच्या वकिलास पुराव्याची आगाऊ वर्दी द्यावी, हे मला कोणत्याही दृष्टीने समर्थनीय वाटत नाही. पक्षनिष्ठेने कर्तव्यावर केलेली ती कुरघोडी होती. मात्र ही गोष्ट शत्रूने उकरून काढलेली नाही, तर दोन वर्षांच्या आत त्यांनी आपल्या नावानिशी छापून ठेवली, हेही त्याच न्यायाने सांगितले पाहिजे.

त्यांच्या वकिलीचा खरा कस लागला तो मात्र चार वर्षांनंतर, टेनेसीतच. मरी रॅगियांटी या राज्याच्या शिक्षामाफी व पॅरोल मंडळाच्या अध्यक्षा होत्या. तीन मुलांना एकटीने वाढविणारी, स्वकष्टाने शिकलेली ही बाई गव्हर्नर रे ब्लँटन यांनीच त्या पदावर बसविलेली. कैद्यांची सुटका पैशाच्या मोबदल्यात होत असल्याचा वास तिला येऊ लागला, आणि ज्या कैद्यांना सोडण्याविषयी गव्हर्नरच्या कचेरीतून दबाव येत होता त्यांच्या कागदांवर सही करण्याचे तिने नाकारले. तेव्हा १९७७ साली अन्य निमित्ते पुढे करून तिला बडतर्फ करण्यात आले. राज्यकर्त्याच्या मर्जीतून उतरलेल्या माणसाचे वकीलपत्र घ्यावयास राजधानीच्या शहरात किती वकील धजतात, हे कोणत्याही देशातील वाचकास सांगावयास नको. थॉम्पसन यांनी ते घेतले.

दावा बडतर्फीच्या बेकायदेशीरपणाचा होता. लाचलुचपतीचा खटला तो नव्हे. पण बडतर्फीचे कारण खोटे ठरवावयाचे तर खरे कारण पंचांपुढे आणावे लागते, आणि खरे कारण आणावयाचे तर गव्हर्नरच्या कचेरीतील कागद उघडावे लागतात. उलटतपासणीच्या वाटेने थॉम्पसन तेथवर गेले. १९७८ साली ज्यूरीने निर्णय दिला, की गव्हर्नरचे कृत्य मनमानीचे होते; अडतीस हजार डॉलर थकीत वेतनासह फिर्यादी बाईंची पुनर्नियुक्ती करण्यात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एफ.बी.आय.ने गव्हर्नरच्या विधी सल्लागारास अटक केली, आणि जानेवारी १९७९ मध्ये, पद सोडण्यास थोडे दिवस उरले असता, ब्लँटन यांनी एका रात्रीत बावन्न कैद्यांना माफी वा शिक्षेत सूट दिली. त्यांत खुनाबद्दल शिक्षा झालेलेही होते. दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी मिळून विचार केला आणि नवे गव्हर्नर लॅमार अलेक्झांडर यांचा शपथविधी नियोजित तारखेच्या तीन दिवस आधी उरकून घेतला. एका बाईच्या नोकरीच्या दाव्यापासून निघालेला धागा येथवर पोहोचला. थॉम्पसन यांच्या साऱ्या कारकीर्दीत मला सर्वांत मौल्यवान वाटते ते हे प्रकरण. वॉटरगेटमध्ये ते एका प्रचंड यंत्राचा भाग होते, येथे अशिलाच्या बाजूला ते एकटे उभे होते.

पीटर मास यांनी या घटनेवर १९८३ साली पुस्तक लिहिले, आणि रॉजर डोनाल्डसन या दिग्दर्शकाने त्यावर 'मरी' हा चित्रपट काढावयास घेतला. नायिकेच्या भूमिकेत सिसी स्पेसेक. घटनेतील खऱ्या माणसांना भेटण्यासाठी डोनाल्डसन नॅशव्हिलला आले, थॉम्पसन यांच्याशी बोलले, आणि त्यांच्या ध्यानात आले, की या वकिलाचे काम करण्यास दुसरा नट शोधण्याचे कारण नाही. अभिनयाचा कसलाही अभ्यास नसलेला बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ अशा रीतीने १९८५ च्या त्या चित्रपटात स्वतःचीच भूमिका करू लागला.

स्वतःची भूमिका करणे सोपे असते असा एक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. प्रत्यक्ष न्यायालयात वकिलाचे लक्ष साक्षीदारावर, न्यायाधीशावर आणि ज्यूरीवर खिळलेले असते, तो कसा दिसतो याचे भान त्याला नसते. कॅमेऱ्यापुढे तेच भान त्याला पहिल्यांदा होते, आणि बहुतेक हौशी माणसे तेथेच कोसळतात, कारण ती होऊन गेलेल्या क्षणाची नक्कल करू पाहतात. थॉम्पसन यांनी नक्कल केली नाही. त्या चित्रपटातील न्यायालयीन प्रसंगांत ते साक्षीदाराचे बोलणे ऐकताना दिसतात. उत्तर पुरते झाल्यावर मगच त्यांच्या चेहऱ्यावर विचार येतो आणि विचारामागून शब्द. अनुभवी नटांना ही क्रमवारी साधण्यास वर्षे लागतात. यांनी ती न्यायालयातूनच आणली होती.

पुढे कामे येत गेली. डोनाल्डसन यांनीच १९८७ मध्ये 'नो वे आउट'मध्ये त्यांना गुप्तहेर खात्याचे प्रमुख केले. १९९० या एकाच वर्षात 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर'मधील नौदलाचे ॲडमिरल, 'डाय हार्ड २'मधील विमान-वाहतूक नियंत्रणाचे मुख्य आणि 'डेज ऑफ थंडर'मधील मोटारशर्यतींचे सूत्रधार अशा तीन भूमिका पडद्यावर आल्या. 'केप फिअर'मध्ये ते वकिलीच्या पेढीतील ज्येष्ठ भागीदार होते, 'इन द लाइन ऑफ फायर'मध्ये व्हाइट हाउसचे मुख्य अधिकारी. या काळात वॉशिंग्टनमध्ये कंपन्यांच्या वतीने कायदेमंडळाशी रदबदली करण्याचा पेशाही त्यांनी चालू ठेवला होता, म्हणजे सत्तेच्या दालनांत त्यांचे खरोखरीचे जाणे-येणे होते. एक गोष्ट या भूमिकांत पुनःपुन्हा जाणवते. त्यांचे अधिकारी हुकूम सोडताना ओरडत नाहीत. अधिकाराचा खरा अनुभव नसलेला नट खुर्चीत बसताच गर्जना करू लागतो. ज्याने खुर्चीतली माणसे जवळून पाहिली आहेत त्याला ठाऊक असते, की ज्याचा शब्द चालतो तो हळूच बोलतो.

१९९४ साली ॲल गोर यांच्या उपाध्यक्षपदामुळे रिकाम्या झालेल्या सेनेटच्या जागेसाठी थॉम्पसन उभे राहिले. प्रचार प्रथम रखडला. मग त्यांनी सूट उतरवून साधा सदरा चढविला, तांबड्या रंगाची एक पिकअप मोटार भाड्याने घेतली आणि ती स्वतः चालवीत गावोगाव हिंडू लागले. प्रतिस्पर्ध्यांनी याला सोंग म्हटले. वॉशिंग्टनच्या मध्यस्थाने शेतकऱ्याचा वेष घ्यावा यात सोंग नव्हते असे मी म्हणणार नाही. तरीही जुन्या गाड्या विकणाऱ्याचा मुलगा त्या गाडीत परका दिसत नव्हता, आणि मतदारांनी जिम कूपर यांच्याविरुद्ध सुमारे साठ टक्के मते त्यांच्या पदरात टाकली. दोन वर्षांनी पूर्ण मुदतीसाठी ते पुन्हा निवडून आले. सेनेटमधील आठ वर्षांविषयी विस्तार करण्याचे कारण नाही. १९९६ च्या निवडणुकीतील देणग्यांच्या चौकशीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि त्या चौकशीतून अपेक्षेइतके काही निष्पन्न झाले नाही. निवडणूक-निधीवर मर्यादा घालणाऱ्या विधेयकाला मात्र स्वपक्षातील बहुसंख्यांचा विरोध असताना त्यांनी पाठिंबा दिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्यावरील महाभियोगात खोट्या साक्षीच्या आरोपाबाबत त्यांनी 'दोषी नाही' असे मत दिले आणि न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याच्या आरोपाबाबत 'दोषी' असे. पक्षाच्या आज्ञेने दोन्ही बोटे एकाच दिशेला वळली नाहीत. दोन आरोप, दोन पुरावे आणि दोन निर्णय असे त्या मताचे स्वरूप होते, आणि त्यात मला जुना फौजदारी वकील जागा असलेला दिसतो.

२००२ च्या आरंभी त्यांची मुलगी वारली. त्यानंतर त्यांनी पुन्हा निवडणूक लढविण्याचे नाकारले. त्यांच्या जागी निवडून आले ते लॅमार अलेक्झांडर, म्हणजे ज्यांचा शपथविधी तीन दिवस आधी उरकावा लागला होता तेच.

सेनेटची मुदत संपण्याआधीच, उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्यांनी 'लॉ अँड ऑर्डर'च्या चित्रीकरणास आरंभ केला होता, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये आर्थर ब्रँच प्रथम पडद्यावर आले तेव्हा ते विद्यमान सेनेटर होते. डिक वुल्फ यांनी १९९० साली निर्माण केलेल्या या मालिकेची रचना सर्वपरिचित आहे : पहिल्या अर्ध्या भागात पोलीस गुन्ह्याचा तपास करतात, उत्तरार्धात सरकारी वकील खटला चालवितात. त्या काळी न्यायालयात उभे राहत ते जॅक मकॉय, म्हणजे सॅम वॉटरस्टन हे अव्वल नट. मॅनहॅटनचा जिल्हा सरकारी वकील हा मात्र लोकांनी निवडून दिलेला खातेप्रमुख असल्यामुळे तो सहसा आपल्या कचेरीतच असतो. एका भागात त्याच्या वाट्याला दोन किंवा तीन प्रसंग, प्रत्येक प्रसंग दीड-दोन मिनिटांचा. प्रकरण न्यायालयात न्यावयाचे की आरोपीच्या वकिलाशी तडजोड करून कमी शिक्षेवर मिटवावयाचे, मृत्युदंड मागावयाचा की नाही, साक्षीदार विश्वसनीय आहे की नाही, याचा निकाल त्या दोन मिनिटांत लागतो. या खुर्चीवर पूर्वी स्टीव्हन हिल यांनी अल्पाक्षरी, वैतागलेला ॲडम शिफ उभा केला होता. त्यानंतर डायान वीस्ट आल्या होत्या. त्या दोघांहून थॉम्पसन यांचा ब्रँच निराळा. तो दक्षिणेकडचा, सनातनी मतांचा, घटनेतील शब्द जसा लिहिला आहे तसाच वाचावा असे मानणारा. आणि त्याच्या भोवतीचे शहर व हाताखालची माणसे बहुतांशी उदारमतवादी.

लेखकांनी असे पात्र निर्माण केले याचे श्रेय त्यांना आहेच. पण अशा पात्राचे व्यंगचित्र होण्यास वेळ लागत नाही. थॉम्पसन यांनी ते होऊ दिले नाही. मकॉय तावातावाने आपला मुद्दा मांडत असता ब्रँच खुर्चीत मागे रेलून ऐकतो, मधूनच एखादी गावरान म्हण टाकतो, आणि ऐकून झाल्यावर त्या मुद्द्यातील नेमका कच्चा दुवा दाखवितो. पुष्कळदा तो आपल्या मताविरुद्ध हाताखालच्या माणसाला पुढे जाऊ देतो, कारण खटला त्याचा आहे आणि पुरावा त्याने पाहिला आहे. २००५ च्या आरंभीच्या एका भागात तो सेरीना सदरलिन या साहाय्यक वकील स्त्रीस कामावरून दूर करतो. तिला समजावून सांगतो, की तिच्यापाशी एखाद्या पक्षाची बाजू पोटतिडकीने घेणाऱ्या वकिलाचे मन आहे, सरकारी वकिलास मात्र उत्साहाबरोबरच निर्विकारपणाही अंगी बाणवावा लागतो. हा प्रसंग पुष्कळांना खटकला, आणि लेखनाच्या दृष्टीने त्यात उणिवा आहेत हे खरे. परंतु ज्याने तरुणपणी सरकारच्या वतीने आरोपींना शिक्षा मागितली आणि मग सरकारच्या विरुद्ध एका बडतर्फ बाईचे वकीलपत्र घेतले, त्याच्या तोंडी या दोन वृत्तींमधील भेद आला तेव्हा तो पुस्तकी वाटला नाही. मूळ मालिकेच्या शंभराहून अधिक भागांत आणि तिच्या शाखामालिकांतही ब्रँच दिसत राहिला. आणि त्याच काळात, २००५ साली, जॉन रॉबर्ट्स यांची सर्वोच्च न्यायालयावरील नेमणूक सेनेटकडून मंजूर करून घेण्याच्या कामी त्यांना मार्गदर्शक म्हणून थॉम्पसन यांनाच पाचारण करण्यात आले होते. सकाळी खऱ्या न्यायमूर्तीच्या बाजूला आणि सायंकाळी मालिकेतील वकिलाच्या खुर्चीत एकच माणूस पाहून प्रेक्षकांना दोहोंत विसंगती वाटली नाही, ही त्या अभिनयाला मिळालेली मोठी पावती होय.

२००७ साली त्यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी करावयाचे ठरवून मालिका सोडली. अमेरिकेच्या प्रसारण कायद्यानुसार एका उमेदवाराला जेवढा वेळ पडद्यावर मिळेल तेवढा इतरांनाही मागता यावा अशी तरतूद आहे, त्यामुळे एन.बी.सी. कंपनीने ब्रँच असलेल्या भागांचे पुनःप्रक्षेपण थांबविले. कायद्याच्या दृष्टीने सरकारी वकील ब्रँच आणि उमेदवार थॉम्पसन या दोन व्यक्ती नव्हत्या. सप्टेंबरात जे लेनो यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात त्यांनी उमेदवारी जाहीर केली, पुढच्या जानेवारीत साउथ कॅरोलायनात ते तिसरे आले, आणि २२ जानेवारी २००८ रोजी त्यांनी माघार घेतली. त्यांच्या प्रचारात ईर्षा नव्हती, अशी तक्रार त्यांच्या अनुयायांनीही केली. ती रास्त होती. दीर्घ, संथ प्रसंगात ज्याचे सामर्थ्य आहे, दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेतल्यावाचून ज्याला बोलवत नाही, तो रोज सकाळी उठून आपल्याच नावाची द्वाही फिरवीत राहण्यास नालायक ठरावा, यात मला त्याची मानहानी दिसत नाही. वकील म्हणून त्यांनी इतरांच्या नावाने मागणे मागितले होते. स्वतःच्या नावाने मागताना त्यांचा आवाज पडला.

त्यानंतर ते पुन्हा कामाला लागले. एच.बी.ओ.च्या 'बरी माय हार्ट ॲट वूंडेड नी'मध्ये अध्यक्ष ग्रँट झालेले होतेच. पुढे 'द गुड वाइफ' मालिकेत ते वकील म्हणून आले, रेडिओवर बोलत राहिले, बालपणाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले, आणि ज्येष्ठ नागरिकांना घर तारण ठेवून कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातींतही दिसले. या जाहिराती त्यांनी केल्या नसत्या तर बरे झाले असते असे मला वाटते. ब्रँचच्या भारदस्त आवाजावर म्हाताऱ्या माणसांचा जो विश्वास बसला होता तो न्यायाच्या खुर्चीने मिळविलेला होता, आणि तो अन्य कोणाच्या उपयोगी पडावयास नको होता. २००४ साली त्यांना लसिका-ग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. तो मधली काही वर्षे दबला आणि अखेर उलटला. त्यांचे दफन लॉरेन्सबर्गमध्येच झाले.

२०१७ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने कायदा करून नॅशव्हिलमधील चर्च स्ट्रीटवरील केंद्र सरकारच्या नव्या न्यायालयाला व कचेऱ्यांच्या इमारतीला थॉम्पसन यांचे नाव दिले. नटाचे नाव न्यायालयाला दिल्याबद्दल कोणी आक्षेप घेतल्यास त्याला उत्तर आहे : ते नाव नटाचे नव्हे, आणि केवळ सेनेटरचेही नव्हे. १९६९ साली सत्तावीस वर्षांच्या त्या वकिलाने ज्या केंद्रीय वकिलाच्या कचेरीत नोकरी धरली, ती कचेरी आता त्याच इमारतीत आहे, आणि तिचे साहाय्यक वकील रोज तेथूनच आपले खटले घेऊन न्यायाधीशांपुढे जातात.